चावी संपत आलेली धून

अण्णा, तुमची पाठवणीची धून मी गेल्या महिन्यात कामाच्या टेबलावर ऐकली, आणि ती वाजवणारे तुम्ही नव्हता. तुमचा जन्म व्हायच्या आधी कुणीतरी ती वाजवून, तबकडीत कोरून, विकून मोकळं झालं होतं. हे वाक्य मी लिहून खोडलं आणि पुन्हा लिहिलं, कारण ते वाचताना तक्रारीसारखं वाटतं. तक्रार नाही. काय आहे ते मला अजून नीट सांगता येत नाही, म्हणून जे घडलं ते घडलं तसं लिहिते.

मी काय काम करते ते तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझा डिप्लोमा चालू होता, आणि पोरगी इलेक्ट्रॉनिक्स शिकते म्हणजे पुढे टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकणार, असं तुम्ही गल्लीत सांगून ठेवलं होतं. दुकान टाकलं नाही. मी पुण्यात असते. जुन्या तबकड्या आणि टेपा आमच्याकडे येतात. त्यांच्यातला आवाज काढून संगणकात घ्यायचा, खरखर कमी करायची, वेग चुकला असेल तर सुधारायचा आणि जपून ठेवायचा, हे माझं काम. त्या दिवशी एका घरातून आलेली पेटी उघडली होती. कुणाचे तरी आजोबा वारले, माळ्यावर तबकड्या निघाल्या, घरच्यांनी आणून दिल्या. त्यातल्या एकीवरचा कागद झडून गेला होता, वाजवणाऱ्यांचं नाव कळत नव्हतं. लाखेची, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची. मी सुई ठेवली. नाचाची गत निघाली. मोठ्या हॉटेलांत साहेब लोक जोडीजोडीनं नाचायचे त्या काळातली, जलद, हसरी. मागे ड्रम आणि पियानो, बाजूला ट्रम्पेट, आणि सगळ्यांच्या पुढे एक क्लॅरनेट उड्या मारत चाललेलं. मला त्यात काहीही ओळखीचं वाटलं नाही. मी पडद्यावर आवाजाची पातळी बघत होते.

मग लाईट गेली. संगणक आणि आवाज वाढवणारं यंत्र बॅटरीवर होतं, ते चालू राहिलं. तबकडी फिरवणारी मोटर मात्र कुणीतरी साध्या सॉकेटला लावून ठेवली होती, ती बंद पडली. तबकडीखालचं चाक जड असतं, लगेच थांबत नाही. हळूहळू मंद होत जातं, आणि सुई टेकलेली असेल तर सूरही त्याच्याबरोबर उतरत जातो. हे मी कितीदा तरी ऐकलेलं आहे, त्यात नवल नाही. पण हेडफोन कानावर असताना ते क्लॅरनेट संथ झालं, जड झालं, शेवटचा सूर कुणी हात सोडल्यासारखा खाली खाली घसरत गेला, आणि माझ्या कानात तुम्ही होता. ताईच्या पाठवणीला तिची गाडी निघाली तेव्हाचे. बँडच्या लाल कोटाची वरची गुंडी तुटलेले. चाक थांबलं, आवाज संपला. मी हेडफोन काढून ठेवला. लाईट आल्यावर शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, चालू कर की. मला ते बटण दाबता येईना.

जालन्यात तुम्हाला लोक नावापेक्षा त्या धुनेनं जास्त ओळखायचे. वरात निघताना बँड सिनेमातली गाणी वाजवायचा, नाचणारे घाम पुसत पुढे, तुम्ही सगळे मागे. पण मांडवातून मुलगी निघायची वेळ झाली की ट्रम्पेट खाली, झांजा बंद. फक्त तुम्ही दोन पावलं पुढे यायचा, आणि तुमचे जुने जोडीदार चाचा ड्रमवर फडकं टाकून काठीचा नुसता स्पर्श करायचे. धून तुम्ही सगळी संथ वाजवायचा, आणि शेवटच्या सुरावर आलात की तो सूर धरून न ठेवता खाली सोडायचा. बरोबर तिथं मुलीची आई कुणाच्या तरी खांद्यावर कोसळायची. लोक बँडच्या दुकानात तारीख ठरवायला आले की मालक आधी विचारून घ्यायचे, "रडवणारा पाहिजे का बिगर रडवणारा?" आष्टीपासून बदनापूरपर्यंत लोकांना रडवणारा पाहिजे असायचा. धून कुठून आली असं कुणी विचारलं तर तुम्ही म्हणायचा, "दुकानात घावली." लोकांना तो तुमचा साधेपणा वाटायचा. पावा वाजवत मेंढरांमागे फिरणारा मुलगा बँडमध्ये आला, त्याच्या आतून ही धून निघाली, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मीही.

एक दिवस आठवतो. मी सुट्टीत घरी आलेली, कॉलेजातून सूर मोजायचं छोटं यंत्र आणलेलं. स्वयंपाकघरात आई भाकरी थापते आहे, तुम्ही ओट्याशेजारी पाटावर बसून क्लॅरनेटच्या पत्तीला ओलावा देता आहात. मी म्हटलं, वाजवा, काटा कुठं जातो ते बघू. तुम्ही वाजवलंत. आई म्हणाली, "ती पिपाणी भाईर न्या, पीठ उडून राह्यलंय." शेवटच्या सुराला काटा डावीकडे पडत पडत थेट टोकाला गेला. मी तुम्हाला दाखवलं की बघा, इथं तुम्ही बेसूर होता, सूर जागेवर राहत नाही. तुम्ही यंत्र हातात घेऊन उलटसुलट बघितलंत, खाली बॅटरी कुठं बसते ते पाहिलंत, आणि म्हणालात, "पडू दे. तिथं पडायलाच पायजे." मला वाटलं दम पुरत नाही हे तुम्हाला कबूल करायचं नाही. तेव्हा तुम्हाला खोकला लागलेलाच होता.

आता चाचांचं सांगते. मालक गेल्यावर बँड चाचांनी चालवला, म्हणजे जेवढा उरला तेवढा. आता तारखा डीजेवाल्यांना जातात. पावसाळा संपता संपता चाचांचा फोन आला. त्यांच्या नातीचं लग्न ठरलं होतं, आणि रुखसतीला, म्हणजे त्यांच्याकडच्या पाठवणीला, त्यांना तुमची धून पाहिजे होती. आष्टीचा एक नवा क्लॅरनेटवाला मिळाला होता, पण त्यानं तुम्हाला ऐकलेलं नव्हतं, आणि तोंडानं गुणगुणून शिकवायला चाचांचा आवाज राहिला नव्हता. ताईच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे ना, त्यातनं काढून दे, म्हणाले. "पोट्टं त्याच्यावरनं शिकंल. आन त्यानं न शिकली तर मंग संपलंच, बेटा. दुसरं कोन वाजवनार हाय?" म्हणजे मी जे पाठवीन तीच इथून पुढे तुमची धून असणार होती. हे मला तेव्हाच कळलं होतं, म्हणून काम मन लावून केलं.

कॅसेटमधला आवाज काढला, भांडी, रडणं, जनरेटरची घरघर, सगळं मागे नेलं. शेवटचा सूर घसरतो तिथं मी ठरवून टाकलं की टेप ओढली गेली आहे. जुन्या कॅसेटचं असं होतं, रीळ अडखळतं आणि आवाज खाली जातो. ते सरळ करणं माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. मी सरळ केलं. सूर जागच्या जागी, काटा मधोमध. चाचांना पाठवलं. संध्याकाळी त्यांचा फोन. त्यांना एका कानानं कमी येतं, म्हणून मोबाईल दुसऱ्या कानाला दाबून ऐकलं असणार. म्हणाले, "हा तुझा बाप न्हाई." मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाले, "कोट त्याचाच हाय, आत दुसरंच कोन्तरी हाय."

मला राग आला, म्हणून तपासायला बसले. मांडवातल्या दिव्यांच्या विजेची एक बारीक गुणगुण त्या कॅसेटमध्ये पार्श्वभूमीला आहे. टेप ओढली गेली असती तर तुमच्या सुराबरोबर ती गुणगुणही खाली गेली असती. ती सरळ होती, रेघेसारखी. म्हणजे टेप ठीक होती. घसरत होता ते तुम्ही. आणि मग मला स्वयंपाकघरातला खोकला आठवला, आणि मी दुसरा निष्कर्ष काढला: ताईच्या लग्नातच तुमचा दम जायला लागला होता, जिल्ह्यानं ज्याला कला म्हटलं ती तुमच्या छातीतली बिघडलेली गोष्ट होती. चाचा म्हणत होते, तो आधीपासून तसंच वाजवायचा. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्या माणसाची आठवण. तुमचं आजारपण आष्टीच्या कुणाला शिकवायला पाठवायचं का, हे मला ठरवता येईना. चाचांना थांबायला सांगितलं. लग्न जवळ येत होतं, ते रोज विचारत होते, मी टाळत होते. आणि त्यातच ती तबकडी.

दुसऱ्या दिवशी मी मोटर चालू केली. पूर्ण ऐकली. मग वेग कमी करत करत ऐकली, निम्म्याच्या जवळ आणला. सुरुवातीचा उतार, मधली घुटमळ, वरच्या पट्टीत जाऊन परत येणं, सगळं तुमचं. नाचाच्या गाण्यावर, अण्णा. ज्यावर कुणीतरी बायकोच्या कमरेत हात घालून गरगर फिरत होतं त्या गाण्यावर तुम्ही ताईला गाडीत बसवलंत. मी त्या दिवशी जेवले नाही. दुःख म्हणून नाही. घास हातात धरून बसले आणि तो खायचा असतो हेच विसरले.

मग मी वाचायला लागले, कारण मला तेवढंच येतं. तुमच्या धुनेत एक गंधार आहे, तो कोमलही नाही आणि शुद्धही नाही, दोघांच्या मधला. मला वाटायचं तो पाव्याचा, मेंढरांमागचा. असेलही. पण तो सूर अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांत आहे, ज्यांच्या आज्या-पणज्यांना विकत आणून शेतात राबवलं त्यांच्या. ते त्या गाण्यांना ब्लूज म्हणतात. तिथून तो शहरांतल्या बँडांत गेला, त्याचं जॅझ झालं, जॅझवर लोक नाचायला लागले, आणि नाचायला लागल्यावर ते सगळीकडे पोचलं, तबकड्यांतून, बोटींतून, मुंबईच्या हॉटेलांपर्यंत. हॉटेलांत संध्याकाळी नाचासाठी वाजवणारे गोव्याचे लोक दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायचे. गाण्याची चाल कुणाचीही असो, मधल्या जागा, ट्रम्पेटची फेक, क्लॅरनेटची लकेर, ड्रमचा उलट्या मात्रेवरचा ठोका, हे सगळं ते बरोबर घेऊन आले. आणि ती सिनेमाची गाणी तुम्ही जुन्या जालन्याच्या गल्ल्यांतून वाजवत हिंडलात. चाचा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर काठी मारायचे, पोरं त्यावर नाचायची. आज डीजेच्या भिंतीतून छातीत बसतो तो ठोकाही त्याच घराण्यातला. मी इतकी वर्षं आवाजावर काम करते आहे आणि हे मला कळलं नव्हतं, की आमच्या घरात भाकरीच्या पिठाशेजारी पडलेलं ते काळं लाकूड कुठून कुठपर्यंतचं बोलत होतं. आणखी एक वाचलं. तिकडे एका शहरात माणूस मेला की बँड त्याला संथ सुरांत पोचवायला जातो, आणि पुरून परत येताना तोच बँड जलद वाजवतो, लोक रस्त्यावर नाचतात. आपल्याकडे उलट. येताना नाच, जाताना रडणं. परत येताना काय वाजवायचं ते आपल्या बँडाला कुणी सांगितलेलंच नाही. तुम्ही कोट काढून टेम्पोत बसायचा.

मी जालन्याला गेले. चाचा बाजेवर बसले होते, गुडघ्यावर शाल. मी आडून विचारलं, ती धून नक्की कुठली? ते म्हणाले, दुकानातली. मी म्हटलं, दुकानात म्हणजे कुठं? मग सांगायला लागले. मिशनच्या बंगल्यातले साहेब केव्हाच गेले होते, त्यांचं सामान भंगारात निघालं, त्यातला चावीचा ग्रामोफोन मालकांनी घेतला, बरोबर चार तबकड्या. नवी गाणी उतरवून घ्यायला उपयोगी पडेल म्हणून. पण त्याची स्प्रिंग गेलेली. कितीही चावी भरली तरी तो सुरुवातीपासूनच रेंगाळायचा, आणि बाजू संपत आली की पार झोपायचा. मालक शिव्या द्यायचे. "तुझा बाप तवा नवाच आल्ता, मेंढरं सोडून," चाचा म्हणाले. "भोंग्यात डोकं घालून बसायचा दिवसभर. आम्ही म्हणायचो, ए मेंढक्या, कोकरू हरवलं का रे त्यात? बोलायचा न्हाई. बारा-पंधरा दिसांनी उठला आन वाजवली. मालकाची बायको वरून खाली आली, पदर तोंडाला लावून."

मी फोन काढला आणि त्यांच्या चांगल्या कानाशी धरून तबकडी लावली, खऱ्या वेगानं. मला त्यांना धक्का द्यायचा होता की मला एकटीला तो सहन होत नव्हता, ते माहीत नाही. ते ऐकत राहिले. त्यांचा उजवा हात बाजेच्या लाकडावर गेला आणि बोटं चालायला लागली. दुसरी मात्रा, चौथी मात्रा. ती बोटं शोधत नव्हती, अण्णा. ज्याला गत पाठ आहे त्याची बोटं चालतात तशी चालत होती. मी विचारलं, चाचा, तुम्हाला हे माहीत होतं?

"तुझ्या बापानं शपथ घातल्ती," ते म्हणाले. मालकांना तो ग्रामोफोन विकायचा होता, म्हणून त्यांनी औरंगाबादहून नवी स्प्रिंग बसवून आणली. दुकानात सगळे जमलेले असताना लावून पाहिली तर निघालं हे. मालक हसून हसून बेजार झाले. म्हणाले, मेंढक्या, नाचाच्या गाण्यावर सगळ्या जिल्ह्याच्या पोरी रडवल्या की रे तू. तुम्ही निघून गेलात, दोन दिवस आला नाहीत. आलात तेव्हा मालक म्हणाले, आता बराबर वाजव, अशीच जल्दी, वरातीत चालंल. तुम्ही नाही म्हणालात. चाचांनी मला तुमचं वाक्य तुमच्या आवाजात सांगायचा प्रयत्न केला, हळू, खाली बघून: "मी इतक्या पोरींला तीच देऊन पाठवलंय. आता बदलली तर त्यांला काय सांगू?"

कारण टेपचं नव्हतं, दमाचं नव्हतं, आजाराचं नव्हतं. ग्रामोफोनची चावी संपत आली होती, तुम्ही ती धुनेत धरलीत, आणि चूक आहे हे कळल्यावरही, आयुष्यभर, प्रत्येक मांडवात, जाणून बुजून ठेवलीत. मी यंत्र समोर धरलं तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. एवढंच होतं, तर तुम्हाला ते मला तेव्हाच सांगता आलं असतं.

"आन एकदा वाजवली त्यानं जल्दी," चाचा म्हणाले. "बिलकुल अशीच. एकदाच."

मी विचारलं, कधी?

"तू झालीस त्या दिशी. दुपारची येळ. तुझी आजी दवाखान्यातून आल्ती तोंड पाडून, दुसरी बी पोरगीच म्हणून, गल्लीत सांगत होती जशी काय मयत झाली. तो दुकानात आला, शटर अर्धं खाली घेतलं, मला म्हणला, भाई, हात चालव. मी म्हणलं, काय झालं? म्हणला, पोरगी झाली, हात चालव. आन वाजवली. वाजवता वाजवता नाचला बी. तू कधी पाह्यला का त्याला नाचताना?"

मी नाही म्हणाले.

"मी पाह्यला," चाचा म्हणाले. "लई वंगाळ नाचायचा."

मी त्यांना दोन्ही दिल्या. ताईची कॅसेट, न सुधारलेली, घसरणाऱ्या सुरासकट, आणि तबकडीवरची. दुसरीचं काय करायचं ते मी सांगितलं नाही. आष्टीच्या क्लॅरनेटवाल्याला मी फक्त एवढंच म्हटलं की शेवटी सूर खाली जातो तो दोष नाही, तसाच सोड. तो म्हणाला, मॅडम, बेसूर वाटंल. मी म्हटलं, वाटू दे.

लग्न परवा झालं. आईलाही बोलावणं होतं, मी तिला घेऊन गेले. रुखसतीच्या वेळी डीजेवाल्याला चाचांनी काठी दाखवून गप्प केलं. ते खुर्चीवर बसून वाजवत होते, ड्रमवर फडकं होतं. त्या मुलानं तुमची धून वाजवली, थोडी घाबरत, आणि शेवटचा सूर सोडला. नवरीची आई जिथं कोसळायची तिथंच कोसळली. आई माझा दंड धरून रडत होती. गाडी कोपऱ्यावरून वळली. आणि मग चाचांनी ड्रमवरचं फडकं ओढून बाजूला टाकलं आणि काठ्या उचलल्या. तो मुलगा त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी मान हलवली, आणि तीच धून जलद सुरू झाली. लोकांना कळेना. एक पाहुणे म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं का. नवरीचे वडील हात वर करून काही सांगायला निघाले आणि मध्येच थांबले, कारण त्यांची धाकटी बहीण ओल्या डोळ्यांनी नाचायला लागली होती, मग आणखी दोघी, मग आचारी. फार वेळ चाललं नाही. त्या मुलाची तयारी कमी होती, मधल्या जागेत चुकला, आणि डीजेवाल्यानं संधी साधून आपलं यंत्र सुरू केलं. त्याच्या ठोक्यात बाकीचं बुडून गेलं, नाचणारे तसेच नाचत राहिले.

आईनं डोळे पुसले आणि विचारलं, "ही दुसरी कुनाची गं?" मला खरं उत्तर माहीत होतं. कागद झडलेली तबकडी, माहीत नसलेला वाजवणारा, दुसरा देश. मी म्हणाले, "अण्णांचीच."

"मंग मला कशी न्हाई ऐकवली कधी?"

मी सांगितलं की तू तेव्हा दवाखान्यात होतीस. ती म्हणाली, "कंच्या वेळी?" मी म्हटलं, माझ्या. मांडवातल्या पताका वाऱ्यानं वाजत होत्या, त्यांच्याकडे आई बघत राहिली. मग म्हणाली, "तवा तर तुझी आजी माझ्याशी एक शबूद बोलली न्हाई. हे आले, तुझ्या तोंडाकडं पाह्यलं आन लगीच गेले. मला वाटलं, यांला बी वाईट वाटलं." आणि थोड्या वेळानं, "कोन म्हनलं तुला?" मी म्हटलं, चाचा. "त्यांला काय ऐकू येतंय," आई म्हणाली. पण घरी येईपर्यंत रिक्षात तिनं माझा दंड सोडला नाही.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून एक गोष्ट इथं लिहून टाकते. आमच्या कामात अशी माहिती चालत नाही. त्या दुपारचं ध्वनिमुद्रण नाही. साक्षीदार एकच, तो तुमचा मित्र, वय झालेला, आणि मला बरं वाटावं असं त्याला वाटण्याचं कारण आहे. एरवी अशी गोष्ट समोर आली की मी 'खात्री नाही' म्हणून बाजूला ठेवते. ही ठेवली नाही, अण्णा. ही मी खरी धरली आहे, आणि पुन्हा तपासणार नाही.